बिनपडद्याचा कॉम्प्युटर

पालमच्या एसटी स्टँडमागं झेरॉक्सची चार दुकानं आहेत, पण गेल्या वर्षापर्यंत अर्ज टाइप करायचा म्हटलं की शहाणा माणूस नागसेन वाव्हळेकडंच जायचा. बाकीच्या तिघांना दोन-दोन डोळे आहेत आणि तिघांच्याही अर्जात ओळीला एक चूक असते. नागसेनला जन्मापासून दिसत नाही. त्याच्या अर्जात चूक निघालीच तर ती सांगणाऱ्याची असायची, आणि छापण्याआधी तो ती तोंडावर सांगायचा.

मी भगवानराव, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. रविवार सोडून रोज सकाळी साडेदहा ते सव्वाबारा मी त्याच्या दुकानात खुर्ची अडवून बसायचो. घरी सांगायचो, नागसेनला मदत करायला चाललोय. कसली मदत, हे घरच्यांनी कधी विचारलं नाही. नागसेनचीही त्यावर काही तक्रार नव्हती, निदान मला तरी ती ऐकू आली नव्हती.

त्याची कामाची रीत अशी. समोरच्यानं सांगायचं, नागसेननं टाइप करायचं, आणि मग मशीननं ते सगळं मोठ्यानं वाचून दाखवायचं. मशीनला लाज नावाचा प्रकार नव्हता. एकदा परमेश्वर नावाचा एक शेतकरी 'माझ्या सख्ख्या भावाने माझा बांध कोरला' असा अर्ज सांगून गप्प उभा राहिला. मशीननं ते खणखणीत वाचलं, आणि तो सख्खा भाऊ रांगेत तिसरा होता. त्या दिवशी टायपिंग कमी आणि भांडण सोडवणं जास्त झालं. दुसऱ्या दिवशी नागसेनच्या बायकोनं, सुकेशनीनं, त्याला इअरफोन आणून दिला. सुकेशनी अंगणवाडी चालवते, भांडणाचं मूळ कुठं असतं ते तिला बरोबर कळतं.

कॉम्प्युटरला पडदा नव्हता. म्हणजे मुळात होता, पण नागसेननं तो समोरच्या महारुद्र चहावाल्याला देऊन टाकला. "मला त्याचा काय उपेग? खामखा जागा अडवायलाय," म्हणाला. त्यामुळं टेबलावर नुसता कीबोर्ड आणि टेबलाखाली एक काळी पेटी. नवा माणूस आला की आधी पेटीकडं बघायचा, मग नागसेनकडं, मग माझ्याकडं. मी मान डोलवून त्याला धीर द्यायचो. मी याला मदतच म्हणत होतो.

त्या पेटीत लिनक्स होतं, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटातली प्रणाली. नागसेन प्रशिक्षणाला गेला होता तिथं त्याला तेच शिकवलं होतं, आणि त्यात वाचून दाखवणारा प्रोग्राम मराठी बोलायचा. आवाज असा, की सर्दी झालेला माणूस नाकातून नोटीस वाचतोय. नागसेनला तो आवाज लय आवडायचा. तो त्याला इतक्या वेगानं पळवायचा की मला त्यातला एक शब्दही कळत नसे.

दुकान टाकण्याआधी नागसेन एका कार्यालयात कंत्राटी टेलिफोन ऑपरेटर होता. कार्यालयानं टेलिफोनचा जुना बोर्ड काढला, त्याबरोबर नागसेनलाही काढलं. याला नऊ वर्षं झाली. अर्जांवर त्याचं घर चालायचं, पण जीव रमत नव्हता. अशात एका निवासी अंध शाळेला कॉम्प्युटर शिकवायला माणूस हवा म्हणून जाहिरात आली. वयाची अट त्रेचाळीस, आणि नागसेनला बेचाळीस पूर्ण. पुढच्या वर्षी अर्जच करता येणार नव्हता. नागसेन जगातल्या प्रत्येक गोष्टीची टर उडवायचा, मला तर रोजच धारेवर धरायचा, पण या नोकरीबद्दल त्यानं एकही थट्टा केली नाही. ती त्याला किती हवी होती हे मी त्यावरूनच ओळखलं.

निवड अशी होणार होती की उमेदवारानं आपल्या जागेवरून, व्हिडिओ कॉलवर, चाळीस मिनिटं कॉम्प्युटर चालवून आणि शिकवून दाखवायचा. डोळस माणसाची मदत चालणार नाही, असं पत्रात ठळक लिहिलं होतं. ते पत्रही मशीननंच वाचलं, नाकातून.

बुधवारी सकाळी अकराची वेळ होती. मी साडेदहालाच जाऊन बसलो. टेबलावर हब होता. हब म्हणजे एका यूएसबीची सात तोंडं करणारी पट्टी. पेटीच्या मागच्या दोनच यूएसबी धड राहिल्या होत्या आणि तिची आवाजाची मूळ जागा एका पावसाळ्यात वीज पडली तेव्हा जळाली होती. म्हणून कीबोर्ड, स्कॅनर, कॅमेरा आणि आवाज काढणारी काडेपेटीएवढी डबी, सगळं त्या एका हबवर लटकलेलं.

नागसेननं सुरुवात अशी झकास केली की मी वर्तमानपत्र खाली ठेवलं. समितीतल्या राजेश्री मॅडम दोनदा हसल्या. मग तो समजावून सांगू लागला, की दिसत नसलेल्या मुलाच्या हाताला कीबोर्डची ओळख कशी करून द्यायची. हात हवेत फिरवत, एकेक बोट मोजत, फार सुंदर बोलला. शेवटी म्हणाला, "काही प्रश्न असतील तर विचारा." कुणी काही विचारलं नाही. "सर? मॅडम?" तरी शांत. तेवढ्यात त्याचा मोबाईल वाजला. राजेश्री मॅडम होत्या. "वाव्हळे सर, तुम्ही अकरा मिनिटांपूर्वीच गेलात. आम्हाला काळा चौकोन दिसतोय."

अकरा मिनिटं तो कुणालाच शिकवत नव्हता. मला सोडून, आणि मला तर काय, कीबोर्ड येत नाही तो नाहीच.

झालं असं होतं की मध्येच हबवरचं सगळं गळालं. कॅमेरा गेला, त्यातला माइक गेला, कीबोर्ड गेला, आणि मशीनचा आवाजही गेला. बिघाड झाला हे सांगायचं काम ज्या आवाजाचं, तो सगळ्यात आधी मेला. नागसेन बोलत होता तेव्हा मशीन गप्प राहणं रीतसरच होतं, त्यामुळं त्याला संशय यायचं कारण नव्हतं.

"गुरुजी," तो हळूच म्हणाला, "हबचा दिवा बघा बरं."

"लागलाय की!" मी म्हणालो. माझ्या आवाजात अभिमान होता, हे आता आठवलं की अंगावर काटा येतो.

समितीचे अध्यक्ष चंद्रभान सर म्हणाले होते म्हणे, ज्याला स्वतःचं यंत्र सांभाळता येत नाही तो पोरांना काय शिकवणार. पण राजेश्री मॅडमनी भांडून पुढचा बुधवार मिळवून दिला. तोही गेला की विषय संपला.

मग सगळी गल्ली इलाज घेऊन धावली. महारुद्रनं हबच्या सातही तोंडांत फुंकर मारली. शेजारची शिवकन्या शिंपीण शिलाई मशीनचं तेल घेऊन आली, नागसेननं तिला हात जोडून परत पाठवलं. मी म्हणालो, "हे लिनक्सच काढून टाक. जगात कुणी वापरतं का ते?"

"गुरुजी, तुमचा गुडघा दुखायलाय म्हणून तुमी डोकं बदलून घेता का?" नागसेन म्हणाला. "तसं केलं तर बरंच होईल म्हणा, पण गुडघा दुखायचा न्हाई थांबायचा."

त्याची पद्धत वेगळी होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि दिवसभर वाट बघायची. गुरुवारी वायर बदलली. कीबोर्ड हबवरून काढून पेटीच्या मागं थेट लावला, म्हणजे सगळं गेलं तरी हातात काहीतरी उरेल. दुपारी, मी घरी गेल्यावर, त्यानं टेबलामागचा विजेचा बोर्डही हातानं चाचपून पाहिला. तीनही प्लग जागच्या जागी, घट्ट.

मग त्यानं मशीनची रोजनिशी वाचायला घेतली. लिनक्स म्हणे सगळं लिहून ठेवतं, कोणतं यंत्र किती वाजता जोडलं, किती वाजता तुटलं. ती नाकातून ऐकता ऐकता शुक्रवारी तो एकदम थांबला. रोजनिशीत दोन मोबाईलची नावं होती. दिवसा लाइट गेली की गल्लीत इन्व्हर्टर फक्त नागसेनकडं. महारुद्र चहा द्यायला यायचा आणि शिवकन्या चौकशीला यायची, आणि दोघंही गुपचूप हबच्या मागच्या तोंडात मोबाईल खोचून ठेवायची. त्याला दिसत नव्हतं, पण मशीन सगळं टिपून ठेवत होतं.

मी संतापलो. दोघांना समोर उभं करून असा तास घेतला की अडतीस वर्षांची नोकरी अंगात परत आली. "एखाद्याला दिसत नाही म्हणून त्याचा करंट चोरायचा? शरम वाटत नाही?"

महारुद्रनं मान खाली घातली. शिवकन्यानं घातली नाही. "तुमी कुठं लावता वो तुमचा मोबाईल, गुरुजी?"

"मी बोर्डात लावतो. नागसेनला विचारून लावतो. हबला मी बोटसुद्धा लावत नाही," मी म्हणालो, आणि ते शंभर टक्के खरं होतं.

मोबाईल गेले, पण बिघाड गेला नाही. शनिवारी पुन्हा तीनदा सगळं गळालं. रविवारी दिवसभरात एकदाही नाही. नागसेननं दोन महिन्यांची रोजनिशी काढली आणि तुटल्याच्या वेळा नुसत्या एकाखाली एक ऐकल्या. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यानं पेटीच्या आतली ती जुनी पिपाणी कामाला लावली, जी मशीन सुरू होताना टीं करते. हबवरचं काही तुटलं की ती वाजणार, अशी व्यवस्था केली. तिला हबची गरजच नव्हती.

सोमवारी साडेदहाला मी गेलो. नेहमीसारखा खुर्चीमागं वाकलो, नेहमीसारखा मोबाईल लावला, नेहमीसारखा बसलो.

पेटी म्हणाली, टीं.

"गुरुजी," नागसेन म्हणाला, "आत्ता काय केलंत?"

"काही नाही. बसलो."

"बसायच्या आदी?"

"मोबाईल लावला. बोर्डात."

"कंच्या जागी लावला?"

आता इथं मला थोडं समजावून सांगावं लागेल, कारण माझं डोकं अगदीच गेलेलं नव्हतं. इन्व्हर्टरच्या बोर्डाला तीन जागा. एकीत पेटी, एकीत पंखा, आणि तिसरीत एक छोटी काळी चार्जरसारखी डबी. पंखा काढावा तर मलाच उकडतं. पेटी काढायचा प्रश्नच नाही. उरली ती काळी डबी. ती पडद्याची, असं मी धरून चाललो होतो. पडदा महारुद्रकडं गेला, डबी विसरून मागं राहिली. ज्या वस्तूचा धनीच घरात नाही तिला कशाला करंट? म्हणून मी दोन वर्षं रोज ती डबी उपटून तिथं माझा चार्जर लावत होतो. आणि सव्वाबाराला निघताना, मी नीटनेटका माणूस असल्यामुळं, ती परत होती तशी घट्ट बसवून जात होतो. म्हणूनच दुपारी बोर्ड चाचपणाऱ्या नागसेनला सगळं जागच्या जागी सापडलं.

"ती डबी हबची हाय, गुरुजी," नागसेन म्हणाला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. "हबचं सोताचं जेवण हाय ते. तुमी ते काढलं की घटकाभर सगळं तुटून परत जुळतंय, मग सातही तोंडं पेटीच्या एका वायरीवर जगायलीत. अर्ज टाइप करताना कसंबसं भागतं. कॅमेरा लागला की झालं."

"पण दिवा तर लागतो!"

"दिव्याला लागतंय किती? उपाशी माणूस बी डोळे उघडे ठेवतोच की."

मग त्यानं माझ्याकडून ते पुन्हा करून घेतलं. "काढा." टीं. "लावा." टीं. "परत काढा." एकदा झालं तर योगायोग असतो, म्हणाला, चारदा झालं तर खात्री. टींटीं ऐकून महारुद्र आणि शिवकन्या दारात येऊन उभे राहिले. शिवकन्या म्हणाली, "गुरुजी, हात फुडं करा," आणि महारुद्र इतका हसला की त्याला कट्ट्यावर बसावं लागलं.

मला लाज वाटली. खरी, कानापर्यंत पोचणारी लाज. एका माणसाची आयुष्यातली शेवटची संधी मी माझ्या मोबाईलच्या पायी घालवत आणली होती, आणि वर रोज त्याला दिवा लागल्याची खुशखबर देत होतो. मी नागसेनला म्हणालो, "मला माफ कर." तो म्हणाला, "माफीचं बुधवारी बघू."

बुधवारी मी हट्टानं आलो. बोर्डापाशी पहारा देतो, म्हणालो, कुणाला हात लावू देणार नाही. सुकेशनी त्या दिवशी अंगणवाडीत उशिरा जाणार होती, ती मला स्पष्टच म्हणाली, "गुरुजी, घरी थांबा ना तुमी. लय मदत झाली." पण नागसेन म्हणाला, "बसू दे. फकस्त बोलू नका." मी शपथ घेतली.

अकराला सुरू झालं. समितीला मशीनचं बोलणं ऐकू जावं म्हणून आज इअरफोनऐवजी छोटा स्पीकर होता. कीबोर्डची ओळख झाली, फाइल शोधून झाली, स्कॅनरवर कागद ठेवून तो वाचूनही झाला. अकरा वाजून वीस मिनिटांनी लाइट गेली. इन्व्हर्टर खट्ट झाला आणि पंखा मंदावला. मी हबकडं बघितलं. मला राहवलं नाही.

"नागसेन, दिवा लागलाय बरं का!"

स्पीकरमधून चंद्रभान सरांचा आवाज आला. "वाव्हळे, खोलीत कोण आहे? डोळस मदतनीस चालणार नाही, हे लेखी कळवलं होतं. ते तुम्हाला काय सांगतायत?"

दाराशी सुकेशनीनं डोळे मिटून घेतले.

"मदतनीस नाहीत सर ते," नागसेन शांतपणे म्हणाला. "मागच्या बुधवारचा बिघाड आहे तो."

राजेश्री मॅडमचं हसू ऐकू आलं. चंद्रभान सरांचं नाही. "त्यांना बाहेर पाठवा. आणि हे सिद्ध करून दाखवा."

मी बाहेर आलो. सुकेशनीनं दार लोटून घेतलं आणि माझ्या शेजारी उभी राहिली, मला बोलायची संधी न देता. आतलं सगळं ऐकू येत होतं. नागसेननं पहिल्यापासून सांगितलं, दोन मोबाईल, रोजनिशी, साडेदहा ते सव्वाबारा, काळी डबी. माझं नावही घेतलं, वडिलांचं तेवढं राहिलं. मग तो म्हणाला, "आता मी हबचं जेवण स्वतः काढतो आणि वायर हलवून सगळं पाडतो. मी तुम्हाला दिसणार नाही, ऐकू येणार नाही, आणि मलाही काही ऐकू येणार नाही. दोन मिनिटांत परत आलो तर मला शिकवता येतं असं समजा."

सुकेशनीनं माझं मनगट धरलं. तिला ते कळलंही नसावं.

टीं. आणि मग काहीच नाही. मशीन गप्प, समिती गप्प. आत नागसेन स्वतःशीच हलकं काहीतरी गुणगुणत होता, आणि त्याचे हात एका वायरीवरून दुसऱ्या वायरीवर सरकल्याची खसखस तेवढी येत होती. मी आयुष्यात कधी कुणासाठी एवढा श्वास रोखला नाही, माझ्या मुलाच्या निकालालाही नाही. एकदा खट्ट झालं. टीं. कीबोर्डच्या चार-पाच कळा वाजल्या. आणि मग तो नाकातला आवाज आला, 'कॅमेरा जोडला. माइक जोडला.'

"सर," नागसेन म्हणाला, "आलो."

चाळीस मिनिटांची परीक्षा सव्वा तास चालली. नंतरचे प्रश्न चंद्रभान सरच विचारत होते.

नोकरीचं पत्र तीन आठवड्यांनी आलं. नागसेन आणि सुकेशनी गेले. दुकानाला कुलूप आहे, अर्जांत चुका वाढल्या आहेत, आणि मी सकाळचा वेळ कुठं घालवावा हे मला अजून सुचलेलं नाही. मला त्याची फार आठवण येते. तो शेजारी बसून मला टोमणे मारायचा तेव्हा मी त्याची सोबत करतोय असं समजत होतो.

दिवाळीच्या सुट्टीआधी त्याचा फोन आला. आधी माझ्या गुडघ्याची चौकशी केली, मग डोक्याची. मग म्हणाला, "चंद्रभान सरांनी पहिला धडा बदलायला लावला. आता कीबोर्डाच्या आदी बिघाड शोधणं शिकवायलोय. प्लग चाचपायचे, गरम-गार बघायचं, आवाज गेला तर घाबरायचं न्हाई. तुमची गोष्ट सांगूनच सुरू करायलोय."

"नाव तरी बदललंस का?"

"न्हाई. पोरांना लय आवडायलंय. रोज विचारतात, सर, असे गुरुजी खरंच हायेत का वो?"

अडतीस वर्षं मी पोरांना शिकवलं. त्यातल्या कुणाला माझा एखादा धडा आठवत असेल असं मला वाटत नाही.

"आहेत म्हणून सांग," मी म्हणालो.